लागणवाल्यांचा वेगळा अन् खोडव्यावाल्यांचा वेगळा ग्रुप करता का?

मंडळी, आज ऊस नाही, द्राक्ष नाही, गाडीवर लिहितोय. पण फिरून उसावरच येणार आहे, त्यामुळं कृषी खात्यातल्या आणि कारखान्याच्या शेती विभागातल्या मित्रांनीही वाचावं.

आपल्याकडं कराडपासून पलूस-विट्यापर्यंत स्प्लेंडरवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप झालेत. सध्या त्यात नवी टूम निघालीय. बीएस-६ वाल्यांचा ग्रुप वेगळा करा, कार्ब्युरेटरवाल्यांचा वेगळा. नव्या गाडीची पोरं म्हणतात, जुन्या गाड्यांचे प्रश्न वाचून डोकं उठतं. जुनी खोडं म्हणतात, त्या सेन्सरच्या गाड्यांचं आम्हाला काय करायचंय. दोघांचंही मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

आधी त्यांचा खरा मुद्दा मान्य करू. चुकीच्या गाडीला चुकीचा सल्ला दिला जातो, हे शंभर टक्के खरं आहे. कुणीतरी लिहितो, "सकाळी गाडी चालू होईना." लगेच पाच उत्तरं येतात. चोक दे, जेट साफ कर, हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरव. आता १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला चोकच नाही, जेट नाही आणि फिरवायला तो स्क्रूही नाही. तिथं इंजेक्टर आहे. टाकीत पेट्रोल तळाला गेलं तर जुन्या गाडीचा कॉक रिझर्व्हला टाकायचा, तेही संपलं तर गाडी आडवी करून घर गाठायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोलनंच थंड राहतो. रोज तळाला पेट्रोल ठेवून फिरलात तर पंपाचं आयुष्य कमी होतं. बऱ्याच जुन्या गाड्या बॅटरी मेली तरी किकवर निघायच्या, नव्या गाडीची बॅटरी पार उतरली की किक मारून पाय दुखेल फक्त. म्हणजे सल्ला पिढी बघूनच दिला पाहिजे, याबद्दल वाद नाही.

पण त्यावर ग्रुप तोडणं हा उपाय आहे का? एखाद्यानं फोटो टाकला, "ऊस पिवळा पडलाय, काय टाकू?" तर जाणता माणूस आधी काय विचारतो? लागण की खोडवा, जात ८६०३२ की २६५, रान चोपण आहे का, पाणी साठतंय का. दोन्ही जातींचा स्वभाव वेगळा. २६५ खारवट रानात टिकते पण पक्व व्हायला वेळ घेते, हे पाडेगावच्या लोकांनी आपल्याला कितीदा सांगितलंय. खोडव्याचं खत वेगळं, पाचटाचं काम वेगळं. म्हणून कुणी ८६०३२ वाल्यांचा वेगळा गट करा म्हटलं का? नाही. कारण आजची लागण पुढच्या साली खोडवाच असते.

आणि तोडायचं म्हटलं तर रेघ मारायची कुठं, ते तरी सांगा. एप्रिल २०१७ नंतरची बीएस-४ स्प्लेंडर कार्ब्युरेटरचीच, पण तिचा दिवा दिवसाही बंद होत नाही. एप्रिल २०१९ नंतर दोन्ही ब्रेक एकत्र लागायची सोय आली. २०२० ला इंजेक्शन. एप्रिल २०२३ पासून ई-२० पेट्रोलला टिकणारे पार्ट आणि बिघाड ओळखणारी यंत्रणा. मग २०२१ ची गाडी अन् २०२४ ची गाडी एका ग्रुपमध्ये कशी चालेल? तिथंही दुफळी करणार?

उलट या सगळ्या गाड्यांत सारखं किती आहे ते बघा. १९८५ ला सीडी-१०० आली, १९९४ ला स्प्लेंडर आली, कंपनीतले भागीदार २०११ मध्ये वेगळे झाले, तरी इंजिन ९७.२ सीसीचंच आहे. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. प्रत्येक पार्ट एकमेकाला बसतो असं म्हणत नाही, बसत नाही. पण दोन दुधाच्या किटल्या अन् मागं वाड्याचा भारा घेऊन ओढ्यातनं गाडी काढल्यावर चेन, क्लच प्लेट, ब्रेक शू आणि चाकाच्या बेअरिंगचं जे होतं, ते २००४ च्या गाडीत तेच अन् २०२४ च्या गाडीतही तेच. जुलै २०२१ च्या पुरात नवी-जुनी दोन्ही गाड्या पाण्यात बसल्या. किक मारू नका, प्लग काढा, ऑइल बदला, हे दोन्हीला लागू. नवीला त्यात एकच भर, आधी बॅटरीची वायर सोडवा. एवढ्यासाठी दोन ग्रुप?

आता मिस्त्रीचं बघा. पहिल्या बीएस-६ गाड्या वॉरंटीच्या बाहेर पडायला लागल्यात, सेकंडहँड होऊन वाडीवस्तीवर आल्यात. त्या शोरूमला जाणार नाहीत, गावातल्या मिस्त्रीकडंच येणार. त्याचा हात कार्ब्युरेटरवर बसलेला. पिवळा दिवा किती वेळा लुकलुकला यावरून काही गाड्यांत बिघाड कळतो, हे त्याला सांगणार कोण? नव्या गाडीवाली पोरंच. आणि क्लचचा आवाज ऐकून दुखणं ओळखायचं कसं, हे त्या पोरांना शिकवणार कोण? म्हातारा मिस्त्रीच. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं की दोघांचंही शिकणं थांबलं.

आता येतो उसावर. पंपावर आज जे पेट्रोल मिळतंय त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांकडूनही जातं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलला लगाम घातला तेव्हा सातारा-सांगलीत केवढी ओरड झाली, आठवतंय ना? म्हणजे इथेनॉल विकणारे आपण आणि तेच जुन्या गाडीत जाळणारेही आपणच. हा प्रश्न दोन्ही पिढ्यांचा आहे, फक्त दुखणं वेगवेगळं.

इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, आणि ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो आपला जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो, मिश्रण हलकं पडतं, इंजिन जास्त तापू शकतं. बीएस-६ ला ऑक्सिजन सेन्सर आहे, तो मर्यादेत सावरून घेतो. इथेनॉलची ताकदही पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलंय. साठ देणारी गाडी अठ्ठावन्नच्या आसपास येईल, हे समजून घ्यायला हरकत नाही. खरी काळजी आहे ती जुन्या रबरी पाइपची, ओरिंगची, आणि विहिरीवरच्या खोपटात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटरला आधी तेच जातं.

ग्रुप तोडला तर काय होईल? नवीवाले म्हणतील, आम्हाला काही त्रास नाही, उगाच बोंब मारताय. जुनीवाले आपसात अफवा वाढवतील की इथेनॉलनं इंजिन जळतं, आणि पोरगं कारखान्याच्या गेटवर दरासाठी बसलेलं असताना बाप इथेनॉल बंद करा म्हणून मेसेज पुढं ढकलेल. एकाच गावात, एकाच पंपावर भरलेल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज शेजारी शेजारी लिहिलं गेलं, तरच खरं काय ते कळेल. शेतीशास्त्रात याला तुलनेचा प्लॉट म्हणतात. तुम्ही तो प्लॉटच नांगरून टाकायला निघालाय.

तासगावकरांना तर हे मी सांगायला नको. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतच वेगळं निघालेलं हेरलं, त्यातनं तास-ए-गणेश आली. वेगळं ओळखायला शेजारी नेहमीचं दिसावं लागतं.

बुलेटवाल्यांचं म्हणाल तर त्यांची अडचण मला थोडी पटते. जुनं बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात, पॉइंट घासायचे. नंतरचं इंजिन निराळं, आणि अलीकडचं त्याहून निराळं. नाव सोडलं तर सारखं फार थोडं. त्यांनी वेगळी चूल मांडली तर मी भांडायला जाणार नाही. आपल्या शंभर सीसीच्या गाडीला मात्र ते लागू नाही.

ॲडमिन लोकांना माझं एवढंच म्हणणं. प्रश्न टाकताना आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिल्याशिवाय कुणी उत्तर देऊ नये. उत्तर देणाऱ्यानंही आपल्या गाडीचं वर्ष आधी लिहावं. "माझ्या गाडीला असं केलं" म्हणताना ती गाडी २००६ ची होती हे दडवू नये. महिनाभर हे पाळून बघा, अन् मगच तोडायची भाषा करा.

तोवर ज्यांनी जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप किंवा कार्ब्युरेटरची रबरं गेल्या दोन वर्षांत बदललीत, त्यांनी खाली गाडीचं वर्ष, किती किलोमीटरला बदललं, काढलेलं रबर कडक झालं होतं की फुगलं होतं, आणि खर्च किती आला ते लिहा. बीएस-६ वाल्यांनी पंप किंवा इंजेक्टरचं काम केलं असेल तर तेही इथंच लिहा.