‘स्लो’ नाही, गुदमरलाय तो!

कॉलेजच्या प्रत्येक कॉम्प्युटर लॅबमध्ये एक-दोन मशीन अशी असतात, ज्यांच्यावर स्वतःहून कुणी बसत नाही. लॅबला पाच मिनिटं उशीर झाला की तीच तुमच्या वाट्याला येतात. बटण दाबलं की आधी फॅन घुरघुरतो, मग एकेक विंडो आळोखेपिळोखे देत उघडते आणि तुमचा प्रोग्रॅम रन होईपर्यंत शेजारच्याचं जर्नल लिहूनही झालेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘जुनं झालंय रे, स्लोच आहे ते.’

आमचं म्हणणं एवढंच, की हे उत्तर मान्य करण्याआधी त्या मशीनचं झाकण एकदा उघडायला लावा.

आपण सगळे ज्याला ‘सीपीयू’ म्हणतो, तो डबा म्हणजे खरं तर कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर बसलेली, बिस्किटाएवढी चिप. काम करताना ती तापते. तिची उष्णता ओढून घ्यायला तिच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा हीट सिंक असतो आणि ती उष्णता उडवून लावायला त्यावर पंखा. पण पंखा नुसती हवा ओढत नाही, हवेतली धूळही ओढतो. दोन-चार वर्षं कुणी आत डोकावलंच नाही, तर पंखा आणि पात्यांच्या मध्ये करड्या धुळीचा जाड थर जमतो. हाताने उचलला तर अख्खा निघून येतो, गोधडीच्या तुकड्यासारखा. भर मे महिन्यात गोधडी पांघरून पळायला सांगितलं, तर तुम्ही तरी किती पळाल?

मग ती चिप स्वतःला वाचवते. तापमान ठरलेल्या मर्यादेला पोचलं की ती आपला वेग आपोआप कमी करते. बहुतेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअस असते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे तुम्हाला जो ‘स्लो’पणा दिसतो, तो अनेकदा म्हातारपण नसून ताप असतो. त्यानंतरही पारा चढत राहिला तर मशीन थेट बंद पडतं. ‘सेव्ह करू का?’ एवढंही विचारत नाही.

आपल्या लॅबमध्ये तर धुळीची सोयच असते म्हणा ना. कॅबिनेट टेबलाखाली, थेट फरशीवर. रोज सकाळी झाडू मारला की निम्मा केर त्याच्या पुढच्या जाळीत. कुठे फळ्यावरच्या खडूची पावडर, कुठे खिडकीबाहेर चाललेलं रस्त्याचं किंवा मेट्रोचं काम. मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या कधीच्या हरवलेल्या, त्यामुळे झुरळं आणि पालींना मोकळी वाट. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हीच धूळ दमट हवेतलं पाणी शोषून चिकट होते. मग नुसत्या फुंकरीने ती निघत नाही आणि संपर्काच्या जागा गंजायला लागतात. मशीन चालूच होत नाही, नुसतं बीप-बीप करतं, तेव्हा लॅबवाले दादा रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासतात आणि ती पुन्हा बसवतात. मशीन सुरू होतं, ते जादू म्हणून नाही. संपर्काच्या जागेवरचा मळ निघाला म्हणून.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक संथ मशीनचा गुन्हेगार धूळच असते असं नाही. चालू करताक्षणीच जे रांगतं, त्याची हार्ड डिस्क थकलेली असू शकते किंवा रॅम अपुरी असू शकते. पण जे सुरुवातीला ठीक चालतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी मान टाकतं, ज्याचा फॅन विमानासारखा आवाज करतो, जे नेमकं व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा प्रोग्रॅम कम्पाइल होताना बंद पडतं, त्याच्याबद्दल पहिला संशय उष्णतेचाच घ्या. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते बघायला इंजिनीअर असावं लागत नाही.

हे एवढं ताणायचं कारण काय? कारण या धुळीचा भुर्दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्या सॅकमध्ये स्वतःचा लॅपटॉप आहे, त्याला लॅबचं मशीन कसंही असलं तरी फरक पडत नाही. तो हॉटस्पॉट लावून कँटीनमध्ये असाइनमेंट संपवतो. पण ज्याच्या किंवा जिच्या घरात फोन हीच एकमेव स्क्रीन आहे, त्यांच्यासाठी ती लॅब म्हणजेच कॉम्प्युटर. आठवड्यातून दोन-तीन तास. त्यातली वीस मिनिटं मशीन सुरू होण्यात गेली, मध्येच ते एकदा बंद पडलं, तर उरलं काय? आणि शेवटी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मागे पडल्याचा ठपका मशीनवर येत नाही, ‘हिचा हात बसलेला नाही’ असा तिच्यावर येतो. इतकी वर्षं आपण डिजिटल दरीबद्दल निबंध लिहितोय. त्या दरीतला काही भाग नुसता ब्रश मारून बुजण्यासारखा आहे.

मग तो बुजवत का नाहीत? कारण नवीन लॅबचं उद्घाटन होतं, सफाईचं होत नाही. नवीन पन्नास पीसी आले की फीत कापली जाते, फोटो येतो. जुने पन्नास साफ केले तर फोटोत दिसणार काय? तपासणीला कुणी येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, मॉनिटर पुसून चकाचक होतात. कॅबिनेटच्या आत कोण बघतंय? खंडेनवमीला आपण त्याच कॅबिनेटला हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. भाव खरा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण पूजेआधी घरातली हत्यारं आपण घासून-पुसून घेतो. इथे मात्र कुंकू बाहेर आणि गोधडी आत.

पुढे काय होतं, तेही ठरलेलं. मशीन ‘खराब’ म्हणून बाजूला निघतं, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते आणि निर्लेखनाची परवानगी येईपर्यंत ते कुठल्यातरी जिन्याखाली पडून राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’च्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि रीतसर गोळा करून पुनर्वापराला गेल्याची नोंद त्यातल्या एक चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नियम हवेतच. पण आणखी चार वर्षं चालू शकणारं मशीन केवळ धुळीपायी त्या ढिगात जाऊ न देणं, हे त्याआधीचं काम आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘हे विद्यार्थ्यांचं काम आहे का? एएमसी कशाला दिलीय?’ मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच आम्ही तुम्हाला स्क्रूड्रायव्हर घेऊन लॅबमध्ये घुसा असं म्हणत नाही. आधी विचारा. एएमसीच्या करारात आतली सफाई लिहिलेली आहे का? असेल तर शेवटची कधी झाली? नसेल तर पुढच्या करारात घालता येईल का? स्टुडंट कौन्सिलने प्राचार्यांना द्यायच्या निवेदनात ही एक ओळ सहज मावते.

आणि स्वतः हात लावायची परवानगी मिळाली, तर लॅबच्या दादांना सोबत घेऊनच लावा. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढायची. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट व्हरांड्यात आणायचं, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधायचा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. मग मऊ ब्रश आणि ब्लोअर. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची; ब्लोअरच्या जोराने ती गरागरा फिरली तर पंखा बिघडू शकतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार उडतात. ओलं फडकं नाही आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नाही, कारण त्याने स्थिर वीज तयार होते. पॉवर सप्लायचा डबा बाहेरून साफ करा, पण उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक चार्ज राहू शकतो. चिप आणि हीट सिंकमधली थर्मल पेस्ट सुकली असेल तर ती बदलणं जाणकाराच्या हातून. एका मशीनला अर्धा तास पुरतो. ब्रश, ब्लोअर आणि पेस्टची ट्यूब यांचा खर्च एका नव्या पीसीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

एनएसएसच्या स्वच्छता मोहिमेत गेटसमोर झाडू धरून फोटो काढून झाले असतील, तर यंदा एक दिवस लॅबला द्या. सेमिस्टरला एकदा, तेही प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या पाण्याच्या टाकीवर ‘टाकी धुतल्याचा दिनांक’ रंगवलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो वाचून आपण पाणी प्यायचं की नाही ते ठरवतो. लॅबच्या प्रत्येक कॅबिनेटवर तसाच एक स्टिकर हवा, ‘आतून साफ केल्याचा दिनांक’. ही मागणी फुकटात करता येते. पुढच्या लॅबला ते नको असलेलं मशीन तुमच्या वाट्याला यायची वाट बघू नका. आज ते ज्याच्या वाट्याला आलंय, त्याच्या वतीने तुम्ही ती करा.