भुतांच्या वाट्याचा घास

काशीच्या राजा घाटाचे स्थान मोठे विलक्षण आहे. गंगेकडे तोंड करून पायऱ्यांवर उभे राहिले की उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिणेस, हरिश्चंद्र घाट येतो आणि डाव्या अंगाला, उत्तरेस, मणिकर्णिका. दोन्ही स्मशानघाट. या दोन अग्नींच्या मधल्या वस्तीत रोज संध्याकाळी डाळीला फोडणी बसते, पोळ्या लाटल्या जातात आणि मुलांना जेवायला हाका मारल्या जातात. मृत्यू आणि स्वयंपाक इतक्या निकट शेजारी नांदताना क्वचितच कुठे दिसतात.

हा घाट मराठी माणसाला परका नाही. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दगडी बांधून काढला. त्यामुळे अमृतराव घाट असेही त्याचे नाव होते. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर काही काळ पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. १८०३ मध्ये इंग्रजांकडून सालिना सात लक्ष रुपयांचे वर्षासन स्वीकारून ते उत्तरेत गेले आणि १८२४ मध्ये काशीक्षेत्रीच निवर्तले. सत्ता गेली, घाट राहिला.

उत्तरेच्या पंचांगाप्रमाणे शरद पौर्णिमेनंतर कार्तिक लागतो. त्या महिन्यात काशीच्या घाटांवर बांबूच्या उंच काठ्यांना टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप लावतात. पितरांची वाट उजळावी, ही त्यामागील भावना. ३१ ऑक्टोबर, म्हणजे पाश्चात्त्यांचा हॅलोविन, बहुधा याच दिवसांत येतो. हल्ली शहरांतील अनेक मराठी घरांत त्या रात्री भुताखेतांच्या चित्रपटांवर बेतलेले कौटुंबिक जेवण करावे, असा मुलांचा हट्ट असतो. आजी-आजोबांना ते अभद्र वाटते, आईवडिलांना खर्चिक वाटते आणि मुलांना अत्यावश्यक वाटते. या तिन्ही मतांचा शांतपणे विचार व्हायला हवा.

पहिला आक्षेप परकेपणाचा. परंतु या सणाचे मूळ पाहिले तर तो फारसा परका वाटत नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या प्राचीन केल्टिक लोकांचा सुगी संपतानाचा ‘सॅविन’ हा उत्सव आणि १ व २ नोव्हेंबरला येणारे ख्रिस्ती संतांचे व मृतात्म्यांचे दिवस, यांच्या मिलाफातून हॅलोविन घडला. मध्ययुगीन इंग्लंडात मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या गोरगरिबांना दारोदारी लहान गोड पाव वाटले जात. आज मुले दारोदार खाऊ मागत हिंडतात, त्या प्रथेचा एक धागा तेथवर पोहोचतो. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करीत. स्थलांतरित अमेरिकेत गेले, तेथे भोपळा सहज मिळाला आणि दिवा भोपळ्यात गेला. थोडक्यात, गेलेल्यांसाठी दिवा आणि भुकेल्यासाठी घास, एवढाच या सणाचा गाभा आहे.

हा गाभा आपल्या घरांत पूर्वापार आहे. बंगालमध्ये दिवाळीच्या आदल्या दिवशी भूत चतुर्दशीला चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. महाराष्ट्रात धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढले जाते. आणि वर्षातून एकदाच कशाला? जुन्या वळणाच्या घरांत रोज जेवणापूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून भाताच्या चित्राहुती घातल्या जात. त्यांतील घास चित्रगुप्ताचे, यमाचे आणि सर्व भूतांचे. जगाचा हिशेब लिहिणारा, मृत्यूचा स्वामी आणि जे जे अस्तित्वात आहे वा होऊन गेले ते सारे, या सर्वांना वाटा देऊन मगच माणसाने स्वतः जेवावे, अशी ती रीत होती. ‘भूत’ या शब्दाच्या पोटात प्राणिमात्र आहेत, पंचमहाभूते आहेत आणि भूतकाळही आहे. भीती त्या शब्दाला मागाहून चिकटली.

मग चित्रपटांचे काय? भारतीय पडद्यावरील भुतांचा प्रवासही भुकेचाच आहे. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’मध्ये अपुऱ्या राहिलेल्या प्रेमाची भूक आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचूला पुन्हा मानवी देह हवा आहे. रामदास पाध्ये यांचा तो बाहुला मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना घाबरवत आणि हसवत आला आहे. पण या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’. त्याच्या कथेतील समृद्धीच्या देवीपाशी अमर्याद सोने आणि अमर्याद धान्य आहे. तिचा पहिला पुत्र हस्तर सोने बळकावतो, परंतु धान्याला हात घालताच इतर देव त्याला रोखतात. तेव्हापासून तो सोन्यावर बसलेला आणि अन्नासाठी आसुसलेला आहे. त्याच्यासमोर कणकेची बाहुली टाकावी आणि तो खाण्यात गुंतला असता मोहरा लांबवाव्यात, हा नायकाचा उद्योग. त्याचा शेवट काय होतो, हे चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहेच. धन आणि अन्न यांची ताटातूट झाली की भूत जन्माला येते, हे त्या कथेचे तात्पर्य बँकेच्या दारी येणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावे असे आहे.

तेव्हा असे जेवण खुशाल व्हावे. मात्र ते आपल्या स्वयंपाकघरातून व्हावे. बाजारातील प्लॅस्टिकचे सांगाडे आणि रबरी वटवाघळे एका रात्रीत कचरा होतात. त्याऐवजी एक तांबडा भोपळा आणावा. मुलांनी त्याला डोळे-दात कोरावेत आणि आतला गर स्वयंपाकघरात जावा. त्याचे घारगे होतील, भरीत होईल. भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट आजीने त्याच वेळी सांगावी. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग मला खा, असे वाघाला सांगणारी ती म्हातारी ही मराठी बालविश्वातील पहिली भयकथाच आहे. दिव्यांच्या अमावास्येला आपण कणकेचे गोड दिवे उकडून खातो; त्याच कणकेच्या बाहुल्या केल्या की ‘तुंबाड’चे पक्वान्न तयार. आमसुलाचे तांबडेलाल सार वाटीत ओतले की रक्ताची हौस भागते. काळ्या वाटाण्याची आमटी तर दिव्याच्या उजेडात आपोआपच गूढ दिसते. या साऱ्याचा खर्च नेहमीच्या जेवणाहून फारसा अधिक होत नाही. चित्रपट निवडताना मात्र तारतम्य हवे. ‘तुंबाड’ मोठ्यांनी पाहावा. लहान मुले पंगतीला असतील तर तात्या विंचू पुरेसा आहे.

राहता राहिला अभद्रपणाचा आक्षेप. तो सर्वांत गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, तेथे सांगाड्याचे मुखवटे घालून धिंगाणा घालणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु अशा घरात मुले भूत या कल्पनेविषयी जे विचारतात, ते बहुधा त्या गेलेल्या माणसाविषयीच असते. आजोबा आता कुठे आहेत? ते परत येतील का? त्यांना भूक लागत असेल का? मोठी माणसे विषय बदलतात आणि मूल गप्प होते. अशा घरी त्या रात्री मुखवटे नसावेत. आजोबांच्या आवडीचा एक पदार्थ असावा, त्यांच्या नावाचे एक पान मांडावे आणि त्यांच्या दोन गमतीच्या गोष्टी सांगाव्यात. मेक्सिकोतील कुटुंबे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हेच करतात. झेंडूच्या फुलांनी सजवलेल्या मांडणीवर मृतांचे आवडते पदार्थ ठेवतात. २०१७ साली आलेल्या ‘कोको’ या चित्रपटाने ही रीत जगभरातील मुलांना सांगितली. झेंडू आपल्या दारातही आहे.

मृत्यूचे नाव न काढण्याची सवय केवळ मुलांनाच महागात पडत नाही. बँकेच्या शाखेत तिचे दर्शन वारंवार घडते. खाते उघडताना नामनिर्देशनाचा रकाना दिसला की अनेकांचा हात थबकतो. ‘एवढ्यात कशाला?’ असे म्हणून तो कोरा राहतो. पुढे कधीतरी एक विधवा किंवा एक थकलेले वडील कागदांची पिशवी घेऊन खिडकीशी उभे राहतात. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. वारसांना त्या नंतरही मागता येतात, परंतु ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. ते टक्केवारीने वाटून किंवा एकामागून एक अशा क्रमाने करता येते. हॅलोविनच्या दुसऱ्या दिवसाची ती तारीख हा निव्वळ योगायोग आहे, पण अर्थपूर्ण आहे. ज्या कुटुंबाला एका रात्री जेवणाच्या ताटावर मृत्यूविषयी हसता आले, त्याला दुसऱ्या दिवशी हा रकाना भरणे जड जाऊ नये. बेवारस पडलेली ठेव हेही एक अतृप्त भूतच आहे.

काशीच्या अन्नपूर्णा मंदिरात धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत देवीच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन होते. त्या वेळी भक्तांना प्रसाद म्हणून ‘खजाना’ मिळतो: एक नाणे आणि सोबत साळीच्या लाह्या. हस्तराच्या वाट्याला जे कधीच एकत्र आले नाही, ते ही देवी एका ओंजळीत घालते. लोक ते नाणे तिजोरीत आणि लाह्या धान्याच्या कोठारात ठेवतात.

हॅलोविनचे जेवण मांडणाऱ्या घरांनी एवढा एक नियम पाळावा. भोपळ्यातला दिवा विझवण्यापूर्वी चार घारगे बाजूला काढावेत आणि इमारतीच्या रात्रपाळीच्या रखवालदाराला मुलांच्या हातून द्यावेत. भूत खरे असते की नाही, हा वाद मुले मोठी झाल्यावर स्वतः मिटवतील. भूक खरी असते, हे त्यांना त्याच रात्री कळेल.