बोधवाक्य भिंतीवर, प्रबंध कपाटात

पवना धरणातून सोडलेले पाणी मावळातील गावे ओलांडत रावेतच्या बंधाऱ्यापाशी येते. येथेच ते उपसले जाते, निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतील नळांना पोहोचते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जी नदी एका महानगराची तहान भागवते, तिची खालच्या अंगाला काय अवस्था होते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते आणि त्यांत पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा होता. श्री मोरया गोसावींच्या समाधीने पावन झालेला चिंचवडचा घाट याच पट्ट्यात येतो. नळाला पाणी एक दिवसाआड, ही व्यवस्था महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू केली. काठावर नदी आणि घरात रिकामी भांडी, असा हा विपरीत योग आहे.

या काठापासून पंधरा-वीस किलोमीटरवर गणेशखिंड आहे. तेथे १९४९ मध्ये स्थापन झालेले पुणे विद्यापीठ आहे; बॅ. मुकुंदराव जयकर ज्याचे पहिले कुलगुरू होते आणि २०१४ पासून ज्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, ते हे विद्यापीठ. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. रावेतमध्येही त्याच्या छत्राखालील अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, शिक्षणशास्त्र असे सारे विभाग आहेत, मार्गदर्शक आहेत, संशोधक विद्यार्थी आहेत. दरवर्षी पीएच. डी. च्या पदव्या प्रदान होतात, छायाचित्रे छापून येतात. मग रावेतच्या नागरिकाने एक साधा प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा ठरू नये. या संशोधनातले माझ्या उंबरठ्यापर्यंत काय आले?

मानांकनाचा शोक, मुळाचा विसर

सप्टेंबर २०२५ मध्ये 'एनआयआरएफ' हे राष्ट्रीय मानांकन जाहीर झाले आणि पुण्यात खळबळ उडाली. विद्यापीठांच्या गटात २०२० मध्ये नवव्या स्थानी असलेले हे विद्यापीठ २०२४ मध्ये तेविसाव्या आणि २०२५ मध्ये छपन्नाव्या स्थानी गेले. लगेच निवेदने निघाली, आंदोलने झाली, समित्यांची भाषा सुरू झाली. प्राध्यापकांच्या मंजूर पदांचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे रिक्त राहिला, हे त्याचे एक कारण सांगितले गेले आणि ते खरेच आहे. गुरूच नसेल तर शिष्याला दिशा कोण दाखवणार? सरकारे बदलली, मंत्री बदलले. भरतीची कागदपत्रे मात्र मंत्रालयाच्या जिन्यातच घुटमळत राहिली. या पापाचा वाटा कोणत्याही पक्षाला झटकता येणार नाही.

पण सगळा दोष रिक्त पदांवर ढकलून विद्वज्जनांना मोकळे होता येईल का? उद्या सर्व पदे भरली आणि विद्यापीठ पुन्हा नवव्या स्थानी आले, तर रावेतच्या नदीत काही फरक पडेल का? ज्यांना या प्रश्नात अतिशयोक्ती वाटते, त्यांनी गेल्या दीड दशकात आपल्याकडे संशोधन कसे मोजले गेले, ते तपासावे.

मोजणीचा रोग

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी 'एपीआय' ही गुणपद्धती आणली. निबंध छापला की गुण, परिसंवादात वाचला की गुण. हेतू वाईट नव्हता. परंतु जेथे गुणांचा बाजार भरतो, तेथे गुण विकणारे आपसूक दुकान थाटतात. शुल्क घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. नाव 'आंतरराष्ट्रीय' आणि पत्ता सापडत नाही, असा सारा मामला! ज्या प्राध्यापकाने वर्गात जीव ओतून शिकवले, तो बढतीच्या रांगेत मागे राहिला आणि ज्याने पाच-पाच निबंध 'काढले', तो पुढे गेला.

या रोगाचे निदान पुण्यातच झाले, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत शिरलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली. कसोटीला किती उतरली? अवघी ११२! कुणाचा पत्ता नव्हता, कुणाचे संपादक नव्हते, तर कुणी खोटे क्रमांक आणि खोटे दावे छापले होते. शिफारस करणारी कोण, तर आपलीच विद्यापीठे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची 'केअर' यादी सुरू झाली आणि तिचे काम पुणे विद्यापीठातील केंद्राकडे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही यादी बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा शिक्षणसंस्थांवर सोपवली.

म्हणजे ज्या नगरीने रोग ओळखला, औषधही दिले, त्याच नगरीच्या विद्यापीठाची आज कसोटी आहे. कसोटी यादीची नाही, वृत्तीची आहे. संशोधन कुणासाठी करायचे, याचे उत्तर जोवर 'बढतीसाठी' असे आहे, तोवर कितीही याद्या केल्या तरी चोरवाटा निघतच राहणार.

पिंपरीच्या मातीने दिलेला धडा

परकीय नियतकालिकांकडे डोळे लावून बसलेल्यांनी आपल्याच औद्योगिक पट्ट्याचा इतिहास चाळावा. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्रयोगशाळेत 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंपरी' कायमचे कोरले गेले आहे. पायाखालची माती उचलली, तिच्याकडे शास्त्राच्या डोळ्यांनी पाहिले आणि रुग्णाच्या हाती औषध दिले. जगाने त्याची दखल घेतली, ती पिंपरीचे नाव पुसून नव्हे, तर त्या नावासह.

मग पवनेच्या पाण्यावर असे काम का होत नाही? संशोधन झालेच नाही, असे कोणी म्हणणार नाही. नमुने घेतले गेले, प्राणवायूचे प्रमाण मोजले गेले, इंग्रजीत निबंधही छापले गेले. पण त्यातील आकडे रावेतच्या ग्रामस्थाला, महापालिकेच्या नगरसेवकाला, मावळच्या शेतकऱ्याला कोणी मराठीत समजावून सांगितले?

या मौनाची किंमत समाज मोजतो. पवना धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेवरून मावळ पेटला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि योजना एक तप अडकून पडली. शहर म्हणत होते, नदीतून येताना पाणी वाया जाते, दूषित होते. शेतकरी विचारत होता, नदी कोरडी पडली तर आमच्या शेतीचे काय? दोघांचाही प्रश्न रास्त होता. वाटेत नेमके किती पाणी मुरते, किती उडून जाते, किती उपसले जाते, विहिरींना किती मिळते, हे तटस्थपणे मोजून दोन्ही पक्षांपुढे ठेवण्याचा अधिकार आणि कर्तव्य विद्यापीठाचेच असते. विद्यापीठ बोलत नाही, तेव्हा मोर्चा बोलतो आणि शेवटी बंदूक बोलते.

शिक्षणावर प्रबंध, शाळेला पत्ताच नाही

विज्ञानाची ही कथा, तर शिक्षणशास्त्राची व्यथा त्याहून गहिरी. 'अमुक तालुक्यातील तमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या अमक्या विषयातील संपादनाचा चिकित्सक अभ्यास' हा साचा शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाला पाठ आहे. तालुका बदलावा, इयत्ता बदलावी, प्रश्नावली वाटावी, टक्केवारी काढावी आणि शिफारशींचे प्रकरण जोडावे. ज्या शाळेत प्रश्नावली भरून घेतली, त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला निष्कर्ष काय निघाला, हे कधीच कळत नाही.

रावेतला आज गगनचुंबी इमारती उभ्या राहत आहेत. त्या उभारणाऱ्या मजुरांची मुले कुठे शिकतात? मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली ही मुले. घरात एक भाषा, वस्तीत दुसरी, पाठ्यपुस्तकात तिसरी. अशा वर्गापुढे उभी राहणारी शिक्षिका पहिले अक्षर कोणत्या वाटेने शिकवील? बाप काम संपवून दुसऱ्या गावी गेला की मुलाचे वर्ष कसे वाचवायचे? राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. तो वर्गात उतरवण्याची रीत शोधायची कोणी? हा विषय परदेशी ग्रंथालयात सापडणार नाही.

आपल्याकडे ही परंपरा नाही, असेही नाही. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली भारतीय शिक्षणसंस्था पुढे पुण्यात आली. डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा राबणाऱ्या मुला-मुलींसाठी अनौपचारिक वर्गांचे प्रयोग केले. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी केली. मानसशास्त्राचा अभ्यास आणि प्रत्यक्ष शाळा तेथे हातात हात घालून चालल्या. रावेतशेजारच्या निगडीत प्रबोधिनीचे नवनगर विद्यालय आहे. चिंचवडला गिरीश प्रभुणे यांच्या गुरुकुलात पारधी आणि अन्य भटक्या समाजांची मुले हाताने काम करत शिकतात. एवढी जिवंत प्रयोगशाळा अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यांत डोके खुपसून बसणे, याला विद्वत्ता म्हणावे काय?

आता काय व्हावे?

केवळ टीका करून थांबणे उचित नाही. पहिली गोष्ट, शासनाने रिक्त पदे विनाविलंब आणि गुणवत्तेवर भरावीत. दुसरी, प्रत्येक प्रबंधासोबत सामान्य वाचकाला समजेल असा पाच-दहा पानांचा मराठी सारांश बंधनकारक व्हावा आणि ज्या गावाचा, शाळेचा वा नदीचा अभ्यास केला, तिथल्या ग्रामपंचायतीला, पालिकेला, शिक्षकांना तो दिला जावा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण ज्या भाषेत नवे ज्ञान लिहिले जात नाही, तिचा मान संग्रहालयातील मूर्तीचा मान ठरतो. तिसरी, महापालिका, उद्योग आणि शेतकरी यांनी आपले प्रश्न दरवर्षी विद्यापीठापुढे ठेवावेत आणि त्यांतून संशोधनाचे विषय निवडले जावेत. मूलभूत विज्ञानाला येथे विरोध नाही. ताऱ्यांचा अभ्यास झालाच पाहिजे. पण ताऱ्यांचे नाव सांगून पायाखालचा चिखल झाकू नये.

आणि चौथी गोष्ट समाजाची, म्हणजे आपली. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आला की तयार प्रकल्प विकत कुठे मिळतो, याची चौकशी अनेक सुशिक्षित घरांतून होते. जो पालक मुलाला उसना प्रकल्प घेऊन देतो, त्याला प्राध्यापकाच्या उसन्या निबंधावर बोट ठेवण्याचा अधिकार उरत नाही. त्याऐवजी त्याच मुलाला रावेतच्या बंधाऱ्यावर पाठवावे. वर्षभर दर रविवारी पाणी मोजू द्यावे आणि जे दिसेल ते वस्तीच्या बैठकीत मराठीत मांडू द्यावे.

विद्यापीठाच्या बोधचिन्हावर एक प्राचीन संस्कृत वचन आहे. जो कृतिशील तोच पंडित, असा त्याचा अर्थ. ज्या माउलीने अंगावर शेण झेलून ज्ञान वंचितांच्या दारी नेले, तिचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाला हे वचन कोणी नव्याने शिकवण्याची गरज नसावी. भिंतीवरचे ते वचन पवनेच्या काठी कधी उतरते, याची वाट रावेत पाहत आहे.