बारीक चाळणीचा आग्रह

डोंगरी बुजुर्ग किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणींवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांना या अंकाचा विषय परका वाटेल. त्यांच्या पायाखालचा सौसर गटाचा खडक फोरॅमिनिफेरांपेक्षा कितीतरी जुना. तिथे हे कवचधारी एकपेशीय जीव सापडायचे नाहीत. पण भंडाऱ्याहून पश्चिमेला नागपूर गाठले की बेसाल्ट लागतो आणि दोन लाव्हांमधला गाळही. टाकळीचा असाच गाळ हिस्लॉप आणि हंटर यांनी १८५५ मध्ये जगापुढे मांडला. त्यातले जीवाश्म गोड्या पाण्यातले, म्हणून असे सगळेच थर तळ्या-डबक्यांचे, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट रुजली.

तिला तडा गेला छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीत. गेर्टा केलर, धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिथल्या अशाच गाळातून प्लवक, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणारे, फोरॅमिनिफेरा नोंदवले, तेही ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविलोपानंतर लगेचच्या डेनियन काळातले. समुद्र इतका आत आला कुठून, हा वाद चालू राहो. आम्हाला त्या जीवांचा आकार महत्त्वाचा वाटतो.

महाविलोपात प्लवक फोरॅमिनिफेरांच्या बहुतेक जाती संपल्या. आधी गेल्या त्या मोठ्या, नक्षीदार कवचांच्या, खोल आणि स्थिर पाण्याला सरावलेल्या. ग्वेम्बेलिट्रिया मात्र तगला. इवलेसे कवच, झटपट प्रजनन, आणि खारटपणा वा अन्न कमीजास्त झाले तरी चालायचे; किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात तो आधीपासूनच राहत होता. स्पर्धक गेल्यावर त्याची बेसुमार वाढ झाली. त्यामागून आलेल्या नव्या जातीही सुरुवातीला खुज्याच होत्या. मेक्सिकोतल्या चिक्शुलुब विवरात, म्हणजे महाविलोपाशी जोडल्या जाणाऱ्या लघुग्रहाच्या थेट आघाताच्या जागी, ३० हजार वर्षांच्या आत समुद्र पुन्हा सुपीक झाला होता. जातींची संख्या पूर्ववत व्हायला मात्र सुमारे एक कोटी वर्षे लागली.

आता आपल्या प्रयोगशाळांकडे पाहा. १५० मायक्रॉनच्या चाळणीवर उरले तेवढेच तपासायचे, बाकीचे मोरीत. विलोपानंतरचे वाचलेले जीव नेमके त्या मोरीत जातात, आणि अहवालात 'जीवाश्म नाहीत' असे लिहिले जाते. ६३ मायक्रॉनची चाळणीही पुरत नाही.

तेव्हा लाव्हांमधला गाळ धुताना सर्वात खाली ३८ मायक्रॉनची चाळणी लावा. ती तुंबते, वेळ खाते, हे मान्य. प्रत्येक नमुन्यानंतर ती मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवा: जाळीत अडकलेली जुनी कवचे निळी होतात आणि पुढच्या नमुन्यात आली तर लगेच ओळखू येतात.