‘लाँग’ म्हणजे किती लांब?

परवा इयत्ता सहावीचे इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्यामुळे तो तास आम्ही घेतला. ओळखीच्या विषयावर प्रत्येकाने एकेक वाक्य बोलावे, असे सांगितले. एका मराठी घरातील मुलगी उठली आणि धिटाईने म्हणाली, ‘माय स्कूल इज व्हेरी लाँग फ्रॉम माय हाउस.’ पुढच्या बाकावरील दोघेतिघे हसले. तिच्यानंतर एक हिंदीभाषी मुलगा उठला. ‘माय फादर इज व्हेरी लाँग,’ असे त्याने सांगितले. या वेळी मात्र कोणीच हसले नाही. आमच्या इंदूरच्या वर्गात ते वाक्य सर्वांना अगदी स्वाभाविक वाटले!

आम्हांला मात्र आमच्या नोकरीचे पहिले वर्ष आठवले. तेव्हाही एका मराठी मुलीने जवळजवळ हेच वाक्य उच्चारले होते आणि आम्ही मोठ्या ऐटीत विचारले होते, ‘शाळा लांब आहे म्हणतेस, तर मग ती किती वार भरेल?’ सारा वर्ग खदखदून हसला. त्या मुलीने वर्षभर इंग्रजीच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. मराठीची एम. ए. ही पदवी गाठीशी असून तिच्या इंग्रजी वाक्यातले मराठी आम्हांला ऐकू आले नाही, ही खंत आजही आहे.

वस्तुतः त्या चुकीत अज्ञानापेक्षा मातृभाषेचा वाटा मोठा होता. आपला ‘लांब’ हा शब्द दुहेरी आहे. दोर लांब असतो आणि गावही लांब असते. वस्तूची लांबी आणि दोन ठिकाणांतील अंतर ही दोन्ही आपण एकाच शब्दाने सांगतो. त्यातून ‘लांब’ आणि ‘लाँग’ यांच्या उच्चारात इतके साम्य की, मुलाने एकाच्या जागी दुसरा ठेवला तर नवल ते काय? इंग्रजीने या कामाची वाटणी केली आहे. वस्तूच्या लांबीला ‘लाँग’, अंतराला ‘फार’.

फळ्यावर आम्ही नर्मदेचे उदाहरण घेतले. ‘नर्मदा लांब आहे’ असे आपण म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती इंदूरपासून दूर आहे असे वाटते. ‘द नर्मदा इज लाँग’ म्हटले, तर अमरकंटकपासून समुद्रापर्यंतचा तिचा सुमारे 1,312 किलोमीटरांचा प्रवाह डोळ्यांपुढे उभा राहतो.

गंमत अशी की, त्या मुलीच्या वाक्याला केवळ दोन शब्दांची उणीव होती. ‘माय स्कूल इज अ लाँग वे फ्रॉम माय हाउस’ हे इंग्रजीत अगदी शुद्ध! वाट लांब असते, शाळा नव्हे. प्रश्नात आणि नकारात ‘फार’ अधिक रुळलेला आहे. साध्या विधानात ‘अ लाँग वे’ अधिक सहज वाटते. आणि ‘हाउ लाँग?’ एवढेच कोणी विचारले, तर तो बहुधा वेळ विचारीत असतो. त्याला ‘दोन किलोमीटर’ असे उत्तर देऊ नये. ‘वीस मिनिटे’ असे द्यावे. अंतर हवे असेल, तर तो ‘हाउ फार?’ असे विचारील.

आता त्या मुलाचे वाक्य. हिंदीत उंच माणसाला ‘लंबा’ म्हणतात, म्हणून त्याचे वडील ‘लाँग’ झाले. इंग्रजीत माणूस, झाड, मनोरा हे ‘टॉल’ आणि डोंगर ‘हाय’. सुमारे 73 मीटरांचा कुतुबमिनार ‘टॉल’, तर 1,646 मीटरांचे कळसूबाईचे शिखर ‘हाय’. मराठीत या दोहोंना ‘उंच’ हा एकच शब्द पुरतो. म्हणजे चूक एकाच शब्दाची. परंतु ती कशी झाली, यावरून मुलाच्या घरची भाषा ओळखता येते.

इथेच वाचकहो, आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. अलीकडे आपल्याच घरांत ‘तुमचा मुलगा किती लांब झाला!’ असे ऐकू येऊ लागले आहे. हे इंग्रजीही नव्हे आणि मराठीही नव्हे; हा ‘लंबा’ मराठी वेष घालून आला आहे. शेजारच्या भाषेचा आम्हांला राग नाही. तिच्याच सावलीत आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदलो. पण ‘उंच’ हा शब्द घरातून गेला, तर ‘टॉल’ आणि ‘लाँग’ यांतील भेद मुलाला समजावायचा कशाच्या आधारे? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचे बोट धरूनच.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलांशी घरी खेळ म्हणून बोलावे. आजीचे नऊवारी लुगडे लांब, दारातला अशोक उंच, मामाचे गाव लांब, उन्हाळ्याची सुटी मोठी. मग प्रत्येकाचे इंग्रजी विचारावे. चुकले तर हसू नये. ‘तू मराठीत काय म्हणालास?’ एवढेच विचारावे.

त्या मुलीला आम्ही हेच विचारले. ती क्षणभर थांबून म्हणाली, ‘सर, शाळा लांब नाही, रस्ता लांब आहे.’ मग फळ्यापाशी येऊन तिने वाक्य स्वतःच दुरुस्त केले. जागेवर परतताना तिने पुढच्या बाकाकडे मान वर करून पाहिले, ते आम्ही पाहिले न पाहिलेसे केले.