झोका हवाच, पण खाली काय आहे?

पंचमी आली की मराठवाड्यात झोका बांधा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. लिंबाची जाड फांदी, मजबूत दोर, बसायला वाकळेची घडी आणि खाली श्रावणातली भिजलेली काळी माती. आज्जीच्या गावातला तो झोका आता नांदेडला तरोड्यातल्या रो-हाउसमध्ये आणि लातूरला औसा रोडवरच्या बंगल्यात आलाय. फांदीच्या जागी लोखंडी स्टँड, दोराच्या जागी साखळी, शेजारी फायबरची घसरगुंडी. ईएमआय चालू असलेलं अंगण एकदम हॅपनिंग दिसतं. फक्त खालची माती गेली, हे पटकन लक्षात येत नाही. तिथं आता पेव्हिंग ब्लॉक आहेत, शहाबादी फरशी आहे, नाहीतर चक्क कोबा.

आणि सगळी गोम तिथंच आहे, फ्रेंड्स! खेळाच्या साधनांवर मुलांना होणाऱ्या इजांमध्ये सगळ्यात मोठा वाटा पडण्याचा असतो. लेकरू पडणारच, ते त्याचं कामच आहे. किती उंचावरून आणि कशावर पडतं, एवढंच आपल्या हातात. फरशीवर डोकं आपटलं तर चार फूटही पुष्कळ झाले. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग तर साधं गवत आणि दाबलेली मातीही पुरेशी मानत नाही. मे महिन्यात आपल्या काळ्या मातीत कुदळ मारून बघा, म्हणजे पटेल.

मग काय घालायचं? वाळू. त्याच आयोगाच्या हिशेबाने 9 इंच वाळू 4 फुटांवरून पडणं झेलते. आता गणित करू. 3 बाय 6 फुटांची छोटी घसरगुंडी, चारी बाजूंनी 6 फूट मोकळी जागा, म्हणजे 15 बाय 18 फूट. त्यावर 9 इंच थर म्हणजे दोन ब्रास वाळू! गोदावरी आणि मांजरेच्या काठचे असूनही वाळूचा भाव ऐकून आपल्याला घाम फुटतो, ती गोष्ट वेगळी. वाळू दबते, म्हणून अधूनमधून फावड्याने मोकळी करायची आणि रात्री झाकायची. नाहीतर गल्लीतल्या मांजरांची सोय होते.

झोक्याचं गणित अजून अवघड. वरचा आडवा पाइप जितका उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि दुप्पट मागे मोकळी हवी. 8 फुटांवर झोका टांगला तर 16 आणि 16, एकूण 32 फूट. तुमचा प्लॉट 30 बाय 40 चा असेल तर घर कुठं बांधणार? माझं स्पष्ट मत आहे, जागा नसेल तर मोठा झोका घेऊच नका. बुटका घ्या, किंवा संध्याकाळी सरळ बागेत न्या. आणि हौस म्हणून हे सगळं गच्चीवर तर मुळीच चढवू नका. कठड्याजवळची घसरगुंडी म्हणजे कठडा ओलांडायला आपणच लावून दिलेली शिडी. (लातूर पॅटर्नच्या मुलखात नववी-दहावीनंतर खेळ तसाही संपतो. म्हणून आधीची वर्षं तरी धडधाकट जाऊ देत.)

पितळी कड्यांचा, सागवानी फळीचा झोपाळा मोठ्यांसाठी झकास. पण मागून रांगत आलेल्या पोराच्या कपाळाच्या उंचीवरच ती फळी येते. मुलांना रबराची किंवा कॅनव्हासची हलकी बैठक बरी. साडीच्या झोक्याला मात्र मोठ्या मुलांना एकटं सोडायचं नाही. गोल गोल पीळ घालून खेळताना गळ्याला फास बसतो आणि आवाजही येत नाही. खेळताना ओढणी, गळ्यातला गोफ आणि सायकलचं हेल्मेटसुद्धा काढून ठेवायचं. पट्टा कुठंतरी अडकतो आणि पोर लटकतं.

स्टँड गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणार असाल तर त्याला एक माप लिहून द्या. दोन गजांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी, नाहीतर 9 इंचांपेक्षा जास्त. मधल्या मापात अंग जातं आणि डोकं अडकतं. दुकानातून घेत असाल, वजिराबादेतून किंवा गंजगोलाईतून, तर आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर ते सक्तीचं आहे, आणि घरगुती झोके-घसरगुंड्यांसाठी आयएस 9873 चा भाग 4 आहे. ट्रॅम्पोलीनचं म्हणाल तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1999 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये घरी तो नकोच म्हटलंय. आणलाच असेल तर एका वेळी एकच पोर. बहुतेक इजा दोघं-तिघं एकदम उड्या मारतात तेव्हाच होतात.

आता प्रेमळ बाबांसाठी. छोटीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. तिचा बूट कडेला अडकतो, तुमच्या वजनाने दोघं खाली जात राहता आणि नडगीचं हाड मोडतं. एकटी घसरली तर अडकून थांबेल, एवढंच. तिला जमेल तेवढ्या उंचीची घसरगुंडी घ्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा.

आणि एप्रिल-मेच्या दुपारी ती घसरगुंडी तव्यासारखी तापते, पत्र्याची असो की प्लॅस्टिकची. बसवण्याआधी हाताची मागची बाजू टेकवून बघा. सकाळी ऑफिसला निघतानाच तिच्यावर जुनी चादर टाकून गेलात तर उत्तम.