पडदे लावा ना!

"रात्री दिव्याचा त्रास होतो? मग ब्लॅकआऊट ब्लाइंड्स लावून टाका ना!"

हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, समोरचे काका आणि (मावशी, रागावू नकोस) घरातली निम्मी मंडळी. शेवटी लावले. बाबांच्या खोलीत, मागच्या महिन्यात. आणि लावूनसुद्धा सांगतो, हा सल्ला म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे.

झालं असं, की पार्किंगमधून एक स्कूटर चोरीला गेली. लगेच समोरच्या भिंतीवर भलामोठा पांढरा एलईडी फ्लडलाइट बसला. त्याचं तोंड खाली पार्किंगकडे असायला हवं ना? ते आहे सरळ समोर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बाबांच्या उशीवर. बाबा ७९ वर्षांचे. रात्री तीनला उठून, उजाडलं समजून, दुधाची पिशवी आत घ्यायला दार उघडतात. दोनदा अंधाऱ्या पॅसेजमध्ये धडपडले.

आता ब्लाइंड्सचं ऐका. खिडकीच्या चौकटीच्या आत बसवले, तर वरच्या रोलरच्या ब्रॅकेटमुळे कापड चौकटीपेक्षा अरुंद राहतं आणि दोन्ही बाजूंना बोटभर फट उरते. त्या फटीतून येणारी प्रकाशाची पट्टी बरोबर डोळ्यांवर! म्हणून चौकटीबाहेर, भिंतीवर, दोन्हीकडे चार-चार इंच जास्त घेऊन बसवले. अंधार झाला, अगदी झकास. पण खिडकी उघडी ठेवली की ब्लाइंड वाऱ्याने फडफडून भिंतीवर आपटतो. बंद केली की मे महिन्यात खोलीची भट्टी. मग एसी. म्हणजे बाहेरच्या दिव्याचं बिल मेंटेनन्समधून आम्हीच भरायचं आणि तो आत येऊ नये म्हणून एसीचंही आम्हीच!

आणि सकाळचं काय? आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा असतात, की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून उजेड मोजणं हे असतं. निळसर प्रकाश त्यांना जास्त जाणवतो. त्या मेंदूतल्या घड्याळाला खबर देतात. रात्री उजेड दिसला की झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन कमी होतं, आणि सकाळच्या उन्हाने ते घड्याळ जागेवर येतं. ब्लाइंडला तीनचा फ्लडलाइट आणि सहाचा सूर्य यांतला फरक कळत नाही. तो दोघांनाही बाहेर ठेवतो. म्हणून रोज सकाळी साखळी ओढायची ड्यूटी माझी. नाईट शिफ्टवाल्यांनी ब्लाइंड्स जरूर लावावेत, त्यांना दिवसाची रात्र करायची असते. आम्हाला फक्त रात्रीची रात्र हवी आहे हो!

आई १९७१ च्या युद्धातला मुंबईचा ब्लॅकआऊट सांगते. खिडक्यांना काळे कागद लावायचे, कारण घरातला उजेड बाहेर दिसता कामा नये. आता काळं कापड लावायचं ते बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून. तेव्हा निदान शत्रू परका होता.

रात्री अकराला कोणी लाउडस्पीकर लावला तर "कानात बोळे घाला" असं आपण म्हणतो का? त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा. प्रकाशाला मात्र सगळं माफ. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या शोकेसमधले दिवे रात्री एकनंतर बंद ठेवायचा नियम केला. लांब कशाला, आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा मान मिळाला. वाघांना अंधार मिळतो, बाबांना मिळू नये?

सुरक्षेचं म्हणाल तर त्या झगमगाटात वॉचमनचेच डोळे दिपतात, मागे सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. दिवा काढा असं मी म्हणतच नाही. तोंड खाली करा, वर पत्र्याची टोपी लावा, पिवळा बल्ब घाला, माणूस आला की पेटेल असा सेन्सर बसवा. तोंड खाली करायला तर एक शिडी आणि एक पाना पुरतो.

हे सगळं लेखी दिलंय. सेक्रेटरींनी ते येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये "इतर विषय" खाली टाकलंय, म्हणजे समोशांनंतर. बी विंगमधले जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी कृपया तोपर्यंत थांबा.